आवाज आला, शब्द आले नाहीत

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. सभागृह नवे कोरे होते. भिंती गुळगुळीत, फरशी आरशासारखी, छत उंच. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर द्वारपालासारखे उभे. 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' हे मंगलाचरण यथासांग पार पडले आणि आम्ही तासभर बोललो. टाळ्याही पडल्या. व्यासपीठावरून उतरलो तेव्हा शेवटच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पुढे आले आणि नमस्कार करून म्हणाले, "आवाज उत्तम आला हो. शब्द तेवढे आले नाहीत."

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य काही पाठ सोडीना. हे गृहस्थ भर उन्हातून चालत आलेले. तासभर त्यांनी एका मोठ्या गलक्यासमोर सभ्यपणे बसून काढला. त्यांनी निदान सांगितले तरी. मधूनच उठून गेलेले दहा-पंधरा जण काहीच बोलले नव्हते. ते कंटाळून गेले असा आमचा समज झाला होता. ते कंटाळले नव्हते, त्यांना ऐकू येत नव्हते. श्रोता असा गमावला की तो परत येत नाही, आणि का गेला हेही सांगत नाही. त्या दिवसापासून ध्वनितंत्राची बाराखडी गिरवावयास आम्ही सुरुवात केली. आम्ही काही या विषयातले इंजिनियर नव्हे. पण ही बाराखडी व्याख्याने ठेवणाऱ्याला, देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, तिघांनाही उपयोगी आहे असे अनुभवास आल्यावरून ती येथे मांडीत आहो.

प्रारंभ ध्वनीपासूनच करू. कोणतीही वस्तू थरथरली की तिच्याभोवतीची हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते; आणि ही दाबाची लाट चोहोकडे पसरते. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत तिचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. एका सेकंदात जितकी कंपने होतात तितके हर्ट्झ. तरुण, निरोगी कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कंपने संथ असली तर खर्ज, जलद असली तर टीप. कंपन जोराचे असले तर आवाज मोठा, हलके असले तर लहान. पेटी आणि सारंगी एकच सूर लावतात, तरी डोळे मिटून आपण ती वेगळी ओळखतो, ते कशामुळे? मूळ स्वराबरोबर त्याहून उंच असे अनेक स्वर उमटत असतात, त्यांचे प्रमाण दर वाद्यात निराळे असते, म्हणून. साध्या ढोलाचे हे वरचे स्वर एकमेकांशी जमत नाहीत. पण मृदंग-तबल्याच्या शाईमुळे ते सुरेल पटींत येतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. अशा वरच्या स्वरांवर आवाजाची जात ठरते.

आता माणसाच्या बोलण्याकडे वळू, कारण शेवटच्या रांगेचे सगळे दुखणे तेथे आहे. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, म्हणजे अ, आ, ओ यांत. हे सखल आणि दणकट ध्वनी होत. अर्थ मात्र बराचसा राहतो व्यंजनांत. त, ट, प, स, श, च ही व्यंजने क्षणभर टिकणारी आणि अंगाने दुबळी. त्यांची बरीचशी ओळख २००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असते. पाट, ताट, वाट, खाट हे शब्द घ्या. व्यंजन हरवले की चारांचाही नुसता 'आट' उरतो. पंगतीत पाट मागावा आणि ताट यावे, तशी श्रोत्याची गत होते. त्यातून वय वाढते तसे कानाला उंच ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. म्हणजे ज्येष्ठ मंडळींना आवाज पुरेसा येतो आणि शब्द येत नाही. त्या गृहस्थांनी व्याकरणातला विनोद केला नव्हता. शास्त्रशुद्ध निदान केले होते.

मग उपाय काय? आवाज वाढवा, असे कोणीही म्हणेल. आम्हीही त्या दिवशी तेच सांगितले होते. पण आवाज वाढविला की दणकट स्वर आणि दुबळी व्यंजने दोन्ही सारखीच वाढतात, आणि बंद सभागृहात त्यांच्याबरोबर तिसरी एक गोष्ट वाढते. ती म्हणजे घुमारा.

या घुमाऱ्याचा हिशेब प्रथम मांडला तो अमेरिकेतील वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्त्याचे पुढचे वाक्य येऊन आधीच्या वाक्यावर आदळे. सबाइनने रात्री रस्ते शांत झाल्यावर एक बाजाची नळी, एक वेळमापक घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर काम सुरू केले. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तो रात्री आणून मांडी आणि आवाज विरावयास किती वेळ लागतो ते मोजी. सकाळी गाद्या परत जात. या मेहनतीतून एक साधा नियम निघाला. जागा जितकी मोठी तितका घुमारा लांब. जागेत ध्वनी गिळणारे पृष्ठभाग जितके अधिक तितका तो आखूड. या नियमाच्या आधारे बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले, आणि जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते.

हा नियम आपल्या सभागृहाला लावून पाहू. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, सहा मीटर उंच अशी जागा घ्या. तिचे घनफळ १४४० घनमीटर. ध्वनी गिळण्याचे माप सबाइनने मोठे सुटसुटीत धरले, ते उघड्या खिडकीचे; कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. गिलाव्याच्या भिंती आणि फरशी मिळून आपली रिकामी जागा जणू ७० चौरस मीटर खिडकीएवढा आवाज गिळते असे समजा. घनफळाला ०.१६१ ने गुणून या ७० ने भागले की सुमारे ३.३ सेकंद घुमारा निघतो. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे पंधरा अक्षरांची गर्दी एकाच वेळी हवेत! आता त्याच जागेत अडीचशे श्रोते येऊन बसले. कपड्यांसह एक माणूस सुमारे ०.४ चौरस मीटर खिडकीचे काम करतो. म्हणजे शंभराची भर पडून १७० झाले, आणि घुमारा १.४ सेकंदांच्या आत आला. सांगावयाचे तात्पर्य, श्रोता हा सभागृहातला सर्वांत उत्तम पडदा होय. म्हणून संध्याकाळी चार वाजता रिकाम्या जागेत घेतलेली माईकची परीक्षा सहा वाजता खोटी ठरते. आणि गर्दी थोडी असेल त्या दिवशी जाड पडदे सोडावेत, सतरंज्या अंथराव्यात, श्रोत्यांना पुढे बोलवावे आणि वक्त्याने सावकाश बोलावे, हे सर्व या भागाकारातून आपोआप निघते.

श्रोत्याच्या कानावर एकाच शब्दाची दोन रूपे येतात. एक थेट आलेले, दुसरे भिंतींवर आपटून आलेले. थेट रूपात शब्द असतो, आपटून आलेल्या रूपात नुसता आवाज. ध्वनितंत्राचा सगळा खटाटोप थेट रूप वरचढ ठेवण्यासाठी आहे. ते कशाने साधते? बटणाने फार थोडे, अंतराने फार मोठे.

अंतराचा हिशेब समजण्यासाठी डेसिबेल या मापाशी थोडी ओळख हवी. हे प्रमाण सांगणारे माप आहे. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली. कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. नेहमीचे बोलणे एका मीटरवर ६० डेसिबेल धरले, तर दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२ आणि सोळा मीटरवर ३६. पंख्यांची घरघर ४५ डेसिबेल असेल, तर माईकशिवाय बोलणाऱ्याचा शब्द सोळा मीटरवर पंख्याखाली गाडला गेला.

हाच नियम माईकला उलट बाजूने लागू होतो. माईक तोंडापासून ६० सेंटिमीटर असेल आणि आपण तो १५ वर आणला, तर अंतर दोनदा निम्मे झाले. वक्त्याचा आवाज १२ डेसिबेलने वाढला. सभागृहाचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र माईकवर होती तेवढीच राहिली. कोणत्याही बटणाला हे साधत नाही. बटण चांगले-वाईट सगळेच वाढविते. म्हणून बाराखडीतले पहिले अक्षर हे, की माईक तोंडाजवळ हवा. एक वीत अंतर उत्तम. फार जवळ घेतला तर प, फ, भ यांचा श्वास त्यावर आपटून 'धप्प' असा आवाज होतो आणि खर्ज फुगतो. त्यासाठी माईक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला धरावा. पुष्कळ वक्ते माईकला भिऊन मान मागे घेतात, काही त्याला टिचक्या मारतात, काही कीर्तनकाराप्रमाणे येरझारा घालतात आणि माईक बिचारा जागेवर उभा. ज्याला फिरल्यावाचून बोलता येत नाही त्याने कपड्याला लावण्याचा माईक मागून घ्यावा.

माईकनंतर येते पातळी. माईक अत्यंत क्षीण विद्युत्-लहर देतो. ॲम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकर तिचे पुन्हा हवेच्या थरथरीत रूपांतर करतो. या साखळीत प्रत्येक कडीला दोन मर्यादा असतात. लहर फार लहान ठेवली, तर यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत ती बुडते; फार मोठी केली, तर यंत्र तिची टोके कापते आणि आवाज फाटतो. पहिल्या कडीत फाटलेला आवाज पुढे कितीही लहान केला तरी फाटलेलाच राहतो. फाटके धोतर घडी घालून धड होत नाही. म्हणून वक्त्याच्या सर्वांत चढ्या आवाजाला टोक कापले जाणार नाही इतकी जागा पहिल्याच बटणावर राखावी आणि मग पुढची बटणे लावावीत. 'बेस'चे बटण मात्र भाषणाच्या वेळी उतरलेलेच बरे. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, तरी त्यावर संसार आणि व्यापार चालले. खर्ज गाण्याला शोभा देतो. भाषणात तो घुमाऱ्याला खतपाणी घालतो.

आता सर्वांच्या परिचयाची शिट्टी. माईकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो. तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो. प्रत्येक फेरीत तो आधीपेक्षा थोडा मोठा होत गेला की यंत्र किंचाळते. दोष यंत्राचा नसतो, मांडणीचा असतो. स्पीकर वक्त्याच्या पाठीशी ठेवू नयेत. माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवावेत. व्यासपीठावरचे बहुतेक माईक समोरून अधिक आणि मागून फार कमी ऐकतात, तेव्हा त्यांची पाठ स्पीकरकडे असावी. माईकचे डोके मुठीत आवळले की हा गुण नाहीसा होतो आणि शिट्टी वाजते, हे उत्साही सूत्रसंचालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अध्यक्षांपुढचा, पाहुण्यांपुढचा, आभाराचा असे चार माईक एकदम चालू ठेवू नयेत. बोलणाऱ्याचा तेवढा चालू असावा. आणि वक्ता माईकजवळ गेला की बटण खाली आणता येते. शिट्टीवर याहून स्वस्त औषध नाही.

राहिला प्रश्न स्पीकरचा. तो श्रोत्यांच्या डोक्यांवरून जाईल इतका उंच, आणि तोंड खाली श्रोत्यांकडे वळलेला असा हवा. भिंतीवर आणि छतावर टाकलेला आवाज घुमाऱ्याला मिळतो. माणसांवर टाकलेला आवाज माणसे ऐकतात आणि उरलेला गिळून टाकतात. सभागृह लांब असेल, तर पुढचे दोन राक्षसी स्पीकर गर्जविण्यापेक्षा मागच्या अर्ध्या भागासाठी दोन लहान स्पीकर लावावेत. पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसवून शेवटच्या रांगेला ऐकविणे म्हणजे पुढच्याला अजीर्ण आणि मागच्याला उपास.

येथे एक गुंता आहे. तारेतून लहर तत्काळ जाते, हवेतून मात्र ३५० मीटरच्याच वेगाने. पुढच्या स्पीकरपासून २१ मीटरवर मागचा स्पीकर असेल, तर तेथील श्रोत्याला जवळचा शब्द आधी ऐकू येतो आणि तोच शब्द पुढून ६० सहस्रांश सेकंदांनी पुन्हा येतो. दोन वक्ते एकामागोमाग बोलल्यासारखे वाटते. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखविले, की सुमारे ३० सहस्रांश सेकंदांच्या आत आलेली शब्दाची दुसरी प्रत कान वेगळी धरीत नाही. ती पहिलीत मिसळतो आणि आवाज पहिल्याच दिशेने आला असे मानतो. म्हणून मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम ७० सहस्रांश उशिरा सोडावा. मग श्रोत्याला मदत मिळते मागून, पण शब्द आला असे वाटते व्यासपीठावरून. आजच्या साध्या यंत्रांतही ही सोय असते; मात्र ती वापरावी असे लाऊडस्पीकरवाल्याला कोणी सांगत नाही.

ध्वनिमुद्रणाचे नियम निराळे नाहीत. फ्रेड गायसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा वीज या कामात नव्हती. आवाज कर्ण्यात शिरे आणि सुई मेणावर रेघ काढी. त्या काळी कोणाचा आवाज किती उमटावा हे कर्ण्यापासून त्याला किती दूर उभे केले यावर ठरे. १९२५ च्या सुमारास विजेचा माईक आला, १९८२ साली तबकडीवर आकडे आले. त्या आकड्यांत सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीचे माप घेतले जाते, कारण २०,००० हर्ट्झचा ध्वनी पकडावयास त्याच्या दुपटीहून अधिक मापे लागतात. यंत्रे इतकी पालटली, तरी अंतराचा नियम जागेवरच आहे. खात्री करून घ्यावयाची असेल, तर घरच्या मोबाइलवर एकच परिच्छेद तीनदा वाचून मुद्रित करावा. एकदा वितीवर, एकदा दोन हातांवर, एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. मग तिन्ही सारख्याच मोठ्या आवाजात लावून ऐकावे. तिसऱ्यात आपण कमी आणि खोली अधिक ऐकू येईल. एवढा प्रयोग ज्याने कानाने केला, त्याचा या विषयात प्रवेश झाला असे आम्ही म्हणू.

एक गोष्ट जाता जाता. आवाज वाढविणे नुसते निरुपयोगी नसते, अपायकारकही असते. रोज आठ तास ८५ डेसिबेल ही कानाच्या दृष्टीने धोक्याची सीमा मानतात, आणि त्यावर दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. २००० साली झालेल्या भारत सरकारच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. जो शब्द स्पष्ट आहे त्याला मोठे व्हावे लागत नाही. म्हणून चांगली मांडणी श्रोत्याची सोय पाहते आणि शेजाऱ्याची झोपही.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन आला त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा वक्त्याजवळ गळा होता आणि श्रोते जवळ जवळ बसत. मोठी वाक्ये सावकाश टाकण्याची, शेवटचा शब्द न गिळण्याची सवय त्या पिढीला दूरच्या श्रोत्याने लावली. माईक आला, आणि शेवटच्या रांगेची काळजी आपण यंत्रावर सोपवून मोकळे झालो. यंत्र ती काळजी घेत नाही, कारण यंत्राला कान नाहीत.

म्हणून व्याख्यानमालेच्या चिटणीसांना आमची एकच विनंती आहे. भाषण सुरू झाल्यावर आपल्यातल्या एका कार्यकर्त्याला शेवटच्या रांगेत बसवावे, शक्य तर एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाशेजारी; आणि त्याच्या खुणेवर बटण हलावे, वक्त्याच्या किंवा अध्यक्षांच्या खुणेवर नव्हे. आम्ही स्वतः आता बोलावयास उभे राहिलो की पहिले वाक्य शेवटच्या रांगेला उद्देशून म्हणतो, आणि विचारतो, "आवाज येतोय का?" असे नव्हे, तर "मी आत्ता काय म्हणालो?" तेथून वाक्य जसेच्या तसे परत आले, की पुढे बोलतो.